सात वेळा सुधारलेला भागाजी

भागाजी साळवे या माणसावर अन्याय झाला. कधी, ते मोघम सांगून मी कुणाला सुटू देणार नाही: ईस्टरनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, दिवस कासराभर उरला असताना, आमच्या गावच्या शाळेच्या दारावर. अन्याय करणारी मुलगी सोळा वर्षांची होती, दोन वेण्या घालत होती आणि अख्ख्या तालुक्यात आपल्याइतकं न्यायी कुणी नाही असं समजत होती. ती मी. पण माझ्याआधी त्याच्यावर सात वेळा लेखी अन्याय झालेला होता. तोही इंग्रजीतून, माझ्या वडिलांच्या मोत्यासारख्या अक्षरात, आणि त्याच्याबद्दल चांगलं लिहून. चांगलं लिहूनही अन्याय करता येतो हे तेव्हा मला कळत नव्हतं. आता गुडघे गेलेत, एक कान गेलाय, पण एवढं मात्र पक्कं कळलंय, म्हणून लिहिते.

आमचं गाव तिसगावपासून दोन कोसांवर. मधे एक नदी. नदी आपली म्हणायची, पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर नुसती वाळू. वडील मिशनच्या शाळेचे मास्तर. सोमवार ते शनिवार बाराखडी आणि रविवारी उपदेश. खोली एकच होती. शनिवारी फळ्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं की शाळेचं मंदिर व्हायचं. बाहेर लिंबाला रुळाचा तुकडा टांगला होता. त्याच्यावर पहार मारली की शाळा भरे, उपासना भरे, आणि आईची आमटी उतू जाई, कारण रूळ वाजवायचं काम तिचं होतं आणि चूल आत होती. लढाईचे दिवस. साखर दिसायची नाही, रॉकेल हुंगायलासुद्धा मिळायचं नाही, आणि कागद तर असा महागला होता की मुलं पाटीवरचं पुसताना हळहळत. आम्ही गुळाचा चहा प्यायचो. दुपारी हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून मळायचं, तळहातावर वळून त्याची शेंगोळी करायची, आणि ती उकळत्या पाण्यात पडताना जो डुबुक डुबुक आवाज येई तो ऐकत आम्ही भावंडं ताटं घेऊन बसायचो. शेंगोळी मी आजही करते. सून म्हणते, तुमच्या हाताची चव वेगळी. हात तोच आहे बाई, भूक वेगळी होती.

दर तीन महिन्यांनी वडिलांना नगरला मिसबाईंकडे इंग्रजीत अहवाल पाठवावा लागे. मिसबाई म्हणजे नगरच्या मुलींच्या बोर्डिंगच्या मुख्य, उंच, काटक, आणि पोथीतल्यासारखं मराठी बोलणाऱ्या. अहवालांतले निवडक उतारे त्यांच्या देशातल्या मंडळींसाठी छापले जात. रकाने ठरलेले: पटावर मुलं किती, हजेरी किती, पाऊस किती. आणि शेवटचा रकाना: या तिमाहीत वर्तन सुधारलेल्या व्यक्ती. तो रिकामा ठेवायचा नाही असा शिरस्ता होता. आता मला सांगा, आमच्यात घरं होती बारा. त्यांतली अकरा इतकी सरळ, की सुधारायला बोट घालायला जागा नाही. मास्तरांनी करायचं काय? सरळ माणसाला आधी बिघडवायचं? उरलं बारावं घर. ते भागाजीचं.

भागाजी मिशनचा छकडा हाकायचा. दारू नाही, चोरी नाही. बायको वारल्यावर दुसरी केली नाही. सोनी नावाची लेक एकट्यानं वाढवली, तिच्या वेण्यासुद्धा तोच घालायचा, बैलाच्या वेसणीसारख्या घट्ट. दोष एकच, शिव्या. आणि शिवी देताना तो रागावलेला नसे. 'मुडदा बशिवला तुजा' हा त्याचा सकाळचा सलाम होता. ही त्यातली सर्वांत सोज्वळ. बाकीच्या लिहिल्या तर छापखान्यातली मंडळी खिळे जुळवणार नाहीत. त्याचे दोन बैल, चांद्या आणि हरण्या, वासरं असल्यापासून त्या शिव्यांवर वाढलेले. गवताआधी त्यांना शिवी लागे. दर तिमाहीला अहवाल जवळ आला की वडील भागाजीला बोलावत, प्रार्थना करत, भागाजी ढसाढसा रडे, दोन्ही कान धरी, आणि पुढे दोन-तीन दिवस, एकदा तर चक्क नऊ दिवस, तोंड धुतल्यासारखं स्वच्छ ठेवी. बैल त्या दिवसांत गोठ्यात. तेवढ्यात वडील रकाना भरून टपालात टाकून मोकळे.

पहिल्या अहवालात त्यांनी लिहिलं, 'रिफॉर्म' झाला. दुसऱ्यातही तेच लिहिणार होते, पण मिसबाईंचं पत्र आलं, की तोच तो शब्द वाचून तिकडच्या मंडळींना शीण येतो, कृपया विविधता असावी. वडील आज्ञाधारक. त्यांच्यापाशी एक शब्दकोश होता, उंदरांनी अर्धी पानं फस्त केलेला. उरल्या पानांतून त्यांनी 'अमेंड' काढला, मग 'इम्प्रूव्ह', मग 'रिपेंट'. मग 'रिक्लेम', जो पडीक रान लागवडीला आणलं तरी चालतो. मग 'मेंड हिज वेज'. सातव्याला कोश संपला, तेव्हा मी मिसबाईंच्याच बोर्डिंगात शिकत होते, तिथे त्यांनी मला पत्र घातलं: सुधारणे या अर्थाचं आणखी काही शिकवलं असेल तर कळव. मी मोठ्या ऐटीत 'टर्न ओव्हर अ न्यू लीफ' पाठवून दिलं. शब्द बदलला की माणसाचं वर्णनही बदलायला हवं, म्हणून एकदा 'एक गाडीवान', एकदा 'खालच्या आळीतला एक विधुर', एकदा 'एका मुलीचा बाप', एकदा 'मुक्या जनावरांत रमणारा एक ग्रामस्थ'. यातलं अक्षर खोटं नाही. आणि सातासमुद्रापलीकडे कुणीतरी म्हातारी चष्मा लावून वाचत असेल, की हिंदुस्थानातल्या एका खेड्यात सात माणसं सुधारली.

माझंही सांगून टाकते. बेचाळीस नुकतं होऊन गेलं होतं. आमच्या बोर्डिंगच्या कुंपणावरून हस्तपत्रकं आत येत, आणि मी ती बायबलच्या खाली ठेवून वाचत असे. त्यांतून मी देशभक्ती किती शिकले देव जाणे, पण लिहायचं कसं ते शिकले. आधी कुणावर अन्याय झाला त्याचं नाव, मग कधी झाला ते, आणि शेवटी वाचणाऱ्याला कामाला लावायचं. मधे दम लागेल इतकी उद्गारचिन्हं. त्या सुट्टीत घरी आले ती असा दारूगोळा भरून. आणि वडिलांच्या अहवालांच्या नकला हाती लागल्या.

"बाबा, हे सात जण कोण?"

"कोण म्हणजे?"

"हा गाडीवान, हा विधुर, हा एका मुलीचा बाप. सगळे भागाजीकाकाच ना?"

वडिलांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. ते पुसायला लागले की समजायचं, उत्तर तयार आहे पण आवडलेलं नाही. "यात खोटं काय आहे ते दाखव."

"एक माणूस सात वेळा कसा सुधारेल?"

"प्रत्येक वेळी तो खरंच सुधारला, तारे. पुन्हा बिघडला, याला त्या कागदात रकाना नाही."

चुलीपुढून आई म्हणाली, "आणि ते नवं पान उलटायचं काय काढलंय तुम्ही बापलेकीनं? उलटलं म्हणून मागचं पान जातंय कुठं? तिथंच असतंय की."

मी पेटलेच. वहीची चार पानं जोडून पत्रक लिहिलं: जाहीर सवाल! सात सुधारलेले कुठे आहेत? सातही जण एकच! आणि तो एक आजही शिव्या देतो! अहवाल हा आरसा आहे की पडदा? उत्तर द्या! खाली सही, 'एक जागृत'. आणि मंगळवारी सायंकाळी ते बाभळीच्या काट्यांनी शाळेच्या दारावर टोचलं. सही गुप्त होती, पण गावात इतकी उद्गारचिन्हं परवडणारं माणूस एकच होतं.

माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा सत्य होतं, माणूस नव्हता. माणूस दहा पावलांवर बैलांना पाणी दाखवून येत होता. भागाजीला वाचता येत नव्हतं. त्यानं शेजारून जाणाऱ्या सोनीला हाक मारली. "सोने, वाच गं, काय लिवलंय त्ये." आणि बारा वर्षांच्या मुलीनं सगळ्या आळीसमोर आपल्या बापाविरुद्धचं पत्रक मोठ्यानं, न अडखळता, उद्गारचिन्हांच्या ठिकाणी आवाज चढवून वाचलं. वडिलांनीच तिला तसं शिकवलं होतं.

"सात?" भागाजी हरखला. "सात डाव सुधारलो मी? आन् मला कुनी बोललंच न्हाई!"

पण सोनीचा चेहरा राखेसारखा झाला. "बा, उद्या मिसबाई येनार."

त्याचा अर्थ आळीत सर्वांना ठाऊक होता. सोनीला नगरच्या बोर्डिंगात जागा मिळायची होती. चौथीच्या पुढे आमच्या गावात शाळा नव्हती. जागा नाही मिळाली तर बैलांमागे शेण गोळा करणं आणि दोन वर्षांत लग्न. मिसबाईंनी कळवलं होतं, मुलगी हुशार आहे हे मान्य, पण घर पाहूनच ठरवीन. ज्या घरात अपशब्द, त्या घरची मुलगी मला नको. आदल्या वर्षी कुठल्याशा गावच्या मुलीनं बोर्डिंगच्या मेट्रनला असं काही ऐकवलं होतं की मेट्रन तीन दिवस जेवली नाही. मिसबाईंना सात सुधारलेले माहीत होते. ते सातही म्हणजे सोनीचा बाप आहे हे माहीत नव्हतं. ते मी दारावर लावलं होतं.

आई बाहेर आली, पत्रक काट्यांसकट ओढून काढलं, घडी घालून कमरेला खोचलं. "कागद काय भावानं मिळतोय कळतंय का तुला?" एवढंच म्हणाली. मी म्हणाले, "सत्य असं खाली उतरवता येत नाही. मी मिसबाईंना तोंडी सांगेन." होय, असंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसबाईंना तिसगावहून आणायला छकडा निघाला, आणि वडिलांनी मलाच बरोबर धाडलं. भागाजीच्या मनात किल्मिष नव्हतं. वाटभर तो बैलांना मनसोक्त शिव्या देत होता. "आत्ताच दिऊन घेतो," म्हणाला, "येताना बंद." त्यानं सोनीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. नदी ओलांडल्यावर म्हणाला, "तारे, त्ये सात शबुद सांग की. माज्या नावावर लिवल्यात, मला यायला नगं?"

मी तोंड वाकडं करून सांगितले. तो जिभेवर घोळवून पाठ करू लागला. "मेंड म्हंजी? वहान सांधत्यात तसं?"

"हो."

"मग बराबर हाय. सांधल्याली वहान पुन्यांदा तुटतीच. आन् त्ये रिकलेम?"

"पडीक रान लागवडीला आणणं."

"त्यात हराळी उगवतीच," भागाजी म्हणाला. "मास्तर लई इचार करून लिवतो गं."

कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार दीड तास उशिरा, धापा टाकत आली. मिसबाई उतरल्या, छत्री, टोपी, पिशवी, आणि छकड्यात ताठ बसल्या. परतीच्या वाटेवर मी मनात तीन मुद्दे आणि एक मागणी जुळवत होते. नदीपर्यंत उतार होता, म्हणून बैल आपसूक चालले. नदीच्या मधोमध चाकं वाळूत रुतली आणि चांद्या-हरण्या उभे राहिले.

"चल राजा," भागाजी म्हणाला. चांद्यानं मान वळवून पाहिलं. मालकाला ताप आहे की काय, अशी ती नजर. "चला लेकरांनो." हरण्यानं रवंथ सुरू केला. भागाजीनं शेपट्या पिरगाळल्या, चाकाला खांदा दिला, शेवटी रविवारचं एक गीत म्हणून पाहिलं. बैलांनी ते ऐकून घेतलं.

"आपण त्यांस प्रेमाने समजावा," मिसबाई छत्रीखालून म्हणाल्या.

"त्येच करतोय बाई," भागाजी म्हणाला, आणि त्याचा आवाज घोगरा झाला होता. ऊन डोक्यावर. पलीकडच्या काठावर सोनी येऊन उभी होती, चापूनचोपून वेण्या, धुतलेला परकर, आणि शेजारी पत्र्याची पेटी. आधीच भरलेली! भागाजीनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या, गाल फुगले, छातीतून ती जुनी, ओळखीची लाट वर येताना मला दिसली. गेली, मी म्हटलं, जागा गेली. आणि आभाळ फाटावं तसा तो गरजला:

"रिफॉर्म!"

चारही कान टवकारले.

"अमेंड! इम्प्रू, इम्प्रू रं! रिपेंट, रिपेंट करतो का न्हाई? तुज्या... रिकलेम!" बैलांनी माना खाली घातल्या, खुरं रोवली. सूर तोच होता, ठेका तोच होता. त्यांना बाकी कशाशी कर्तव्य नव्हतं. "मेंड ईज वेज! हाण! टर्नोवर न्यू लीऽऽफ!" छकडा एक हिसका देऊन वाळूतून निघाला तो काठावर चढूनच थांबला. मिसबाईंची टोपी नदीत राहिली.

सोनी टोपी आणायला धावली. मिसबाई बोटांवर मोजत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "तारा, हे शब्द मला ठाऊक आहेत. हा अनुक्रमही मला ठाऊक आहे. ती सात माणसे एकच आहेत काय?"

माझ्या चळवळीचा विजयाचा क्षण होता तो. न मागता सवाल समोर आला होता. तीन मुद्दे तयार, मागणी तयार. आणि सोनी वाळूतून टोपी झटकत येत होती, कापूससुद्धा कुणी इतकं जपून झटकत नाही. तीनही मुद्दे मी मागणीसकट गिळले. आयुष्यात पहिल्यांदा.

भागाजीच खाली उतरला. मुंडासं काढून हातात घेतलं. "व्हय मिसबाई. सातीबी मीच. मास्तरानं खोटं न्हाई लिवलं. दर टायमाला मी मनापासून ठरिवलं हुतं, ऱ्हात न्हाई त्ये. पर पोरीला येकडाव सांगितलं की पुरं हुतंय. माजं माप तिला लावू नगा."

मिसबाईंनी टोपी घातली. "चालवा," म्हणाल्या. भागाजीनं हळूच 'रिफॉर्म' म्हटलं आणि आम्ही निघालो.

आईनं शेंगोळी वाढली. मिसबाईंच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहू लागलं, पण त्या खातच होत्या. तेवढ्यात वडील उठले, आईच्या कमरेचं पत्रक मागून घेतलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "हे माझ्या मुलीनं लिहिलंय. यातला मजकूर बरोबर आहे. उद्गारचिन्हं तेवढी जास्त झालीत." मला वाटलं, जमिनीनं मला गिळावं. मिसबाईंनी ते सावकाश वाचलं, तोंड पुसलं.

"पुढील तिमाहीस कोणता शब्द योजणार?"

"शब्द संपले, बाई," वडील म्हणाले. "पुढची पानं उंदरांनी खाल्ली."

"मग नाव लिहा," मिसबाई म्हणाल्या.

वडील खाली बसले. बसल्यावर चष्मा पुसू लागले, पण या वेळी काचा खरंच ओल्या होत्या. मिसबाईंनी सोनीला जवळ बोलावलं. "मुली, तुला अपशब्द येतात काय?"

"येत्यात," सोनी म्हणाली. "समदे. पर देत न्हाई."

मिसबाई हसल्या. त्यांना दात आहेत हे बोर्डिंगात तीन वर्षं काढून मला त्या दिवशी कळलं. "जूनमध्ये हिला पाठवा."

सोनीला माझ्याच खोलीत जागा मिळाली. तिनं पत्रकाचा विषय कधी काढला नाही. मी तिची क्षमा मागितली ती दिवाळीत, म्हणजे सहा महिने उशिरा, ती म्हणाली, "बाला सांग," आणि भागाजीला सांगितल्यावर तो म्हणाला, "कशाबद्दल गं?" एवढं मात्र खरं, की मी कुणाला तावातावानं उपदेश करू लागले की सोनी मागून कानाशी येऊन हळूच म्हणायची, "अमेंड." आजही फोनवर म्हणते.

आणि भागाजी? शपथ टिकली. त्यानंतर त्याच्या तोंडून मराठी शिवी गेली नाही. त्याला ती लागेचना. सात इंग्रजी शब्दांवर त्याचं सगळं भागत होतं. बैल विकले तेव्हा घेणारा चौथ्या दिवशी परत आला, बैल उठत नाहीत म्हणून. भागाजीनं त्याला ओट्यावर बसवून सातही शब्द घोकून घेतले. आमच्या गावात पुढे कितीतरी वर्षं पोरं भांडताना एकमेकांना 'रिपेंट मेल्या' म्हणत, आणि आया त्यांना तोंड धुवायला लावत.

वडिलांनी आठव्या अहवालात नाव लिहिलं. त्याचा कच्चा खर्डा माझ्या पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर आहे, कागद महाग होता ना: 'भागाजी साळवे, गाडीवान. याने शिवी सोडली आहे. या अगोदरचे सातही हाच होता.' तो कागद माझ्यापाशी आहे. पण छापील अहवालांचे बांधीव खंड मी पुष्कळ वर्षांनी नगरला एका कपाटात पाहिले. सात अनामिक माणसं त्यात ओळीनं सुधारून उभी आहेत. आठवा उतारा नाही. तिकडे कुणाला वाटलं असेल, नावात काय विविधता!

म्हणून तुम्हाला सांगते, हे वाचून मिटून ठेवू नका. नगरला जा. ते कपाट शोधा. मला आता जिना चढवत नाही, तुम्हाला चढवेल. शाईचं पेन घेऊन जा, पेन्सिल नको. सातही ठिकाणी समासात लिहा: भागाजी साळवे. शेवटी कोऱ्या पानावर आठव्यांदा लिहा. आणि कुणी तुमचा हात धरलाच, तर त्याला ते सात शब्द ऐकवा. सूर मात्र भागाजीचा लावा.